टेल्स ब्रिजमार्गे टॉरला जोडली जात नसेल तर : माझा अनुभव

नागपुरात माझ्या तळहाताएवढ्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून टेल्स (सगळी इंटरनेट जोडणी टॉर या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कमधून नेणारी ऑपरेटिंग सिस्टीम) सुरू होई, वायफायही जोडले जाई. मात्र स्थानिक नेटवर्कपासून टॉर लपवण्याचा पर्याय निवडला की ब्रिजची, म्हणजे टॉरमध्ये शिरण्याच्या जाहीर यादीत नसलेल्या सर्व्हरची, जोडणी अर्ध्यावर थांबे. ब्रिज बदलले, मोबाइल हॉटस्पॉट वापरला, पेनड्राइव्ह नव्याने तयार केला. फार मनस्ताप झाला.

कारण घड्याळात होते. विंडोज यंत्राच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते आणि टेल्स तीच वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजते. त्यामुळे भारतात टेल्सचे घड्याळ साडेपाच तास पुढे धावते, तर टॉरच्या रिले-यादीची (टॉरमधील सर्व्हरांच्या यादीची) वैधता जेमतेम ३ तासांची असते; म्हणून पुढे गेलेल्या घड्याळाला ती यादी मुदत संपलेली दिसते. स्वयंचलित जोडणीत टेल्स वेळ आधी इंटरनेटवरून घेते, म्हणून तिथे ही अडचण जाणवत नाही.

जोडणी अयशस्वी झाल्यावर त्याच खिडकीतील ‘फिक्स क्लॉक’ दाबावे, टाइम झोन म्हणून ‘एशिया, कोलकाता’ निवडावा, मनगटी घड्याळातील तारीख व वेळ भरून बदल लागू करावा आणि मगच पुन्हा ‘कनेक्ट’ दाबावे. बायोसमधील (यंत्राच्या मूळ घड्याळातील) वेळ मी मुद्दाम यूटीसीवर आणली नाही, कारण मग विंडोजचे घड्याळ मागे पडले असते.