वर्षभराच्या मैफलींची वही
मैफल संपली की त्याच रात्री लिहा. सकाळपर्यंत बंदिशीचा मुखडा (गाण्याची सुरुवातीची ओळ) निसटतो. तारीख, सभागृह, राग, ताल, साथीदार एवढं पुरे. राग ओळखला नाही तर ठोकून देऊ नका, ऐकलेले स्वर लिहा. भूप-देशकार या रागांत हमखास फसगत होते: स्वर तेच पाच, पण भूपात जोर गंधारावर (ग), देशकारात धैवतावर (ध). विलंबित (संथ लयीतल्या) एकतालात १२ मात्रा मोजताना चुकायला होतं. चौथ्या आणि दहाव्या मात्रेवरचा ‘तिरकिट’ हा तबल्याचा बोल पकडा.

थर्मल कागदाच्या तिकिटाचा लगेच फोटो काढा, अक्षरं उडतात. लॅमिनेशन नकोच, उष्णतेने तिकीट काळं पडतं.

पुणेकरांनी वर्षाचा हिशेब डिसेंबरातला ‘सवाई’ (सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव) उरकल्यावरच मांडावा. कलाकारांपेक्षा राग मोजा. यमन राग किती वेळा ऐकला तो आकडा पाहून बहुधा हसू येईल.