खिडक्या सारख्या अंतरावर लावायच्या, पण सारखं नेमकं काय?

आमच्या फोंड्याच्या ऑफिसात नवीन जॉइन झालेलं कोणीही पहिल्या आठवड्यात हाच प्रश्न घेऊन येतं, की ताई ही भिंत, ह्यात चार खिडक्या, सारख्या अंतरावर कशा बसवू, रेव्हिटमध्ये (आम्ही ज्या सॉफ्टवेअरवर घरांची ड्रॉइंग काढतो त्यात) कुठलं बटण? आणि मी उलट विचारते, सारखं काय हवंय तुला? मग माझ्या तोंडाकडे बघत बसतात. बटण एकच आहे हो, ईक्यू, म्हणजे इक्वल, ते दाबायला दोन सेकंद लागतात. पण ते कशावर दाबायचं हे आधी ठरलं नाही तर ड्रॉइंगवर सगळं ईक्यू ईक्यू दिसतं आणि भिंत मात्र वेडीवाकडी.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू. खोली आतून ९००० मिमी लांब, ३६०० रुंद. लांब भिंतीत चार खिडक्या, प्रत्येकी १२०० रुंद, सिल, म्हणजे खालची कड, ९०० ला आणि लिंटेल, म्हणजे वरची, २१०० ला, म्हणजे उंचीही १२००. (चारच का? नॅशनल बिल्डिंग कोडात दमट-उष्ण हवामानाला खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश तरी ओपनिंग धरायला सांगितलंय, ३२.४ चौरस मीटरला ५.४ झाले, चार खिडक्यांचे ५.७६ होतात, भागलं. तीनमध्ये भागत नाही.)

आता ह्या चार खिडक्या तीन तऱ्हेने "सारख्या" बसतात. पहिली, खिडक्यांच्या मधले आणि टोकाचे भिंतीचे तुकडे सगळे सारखे. ९००० वजा ४८००, भागिले ५, प्रत्येक तुकडा ८४०. दुसरी, भिंतीचे चार सारखे भाग करायचे, २२५० चा एक, आणि प्रत्येक भागात मधोमध खिडकी. ह्यात मधले तुकडे १०५० आणि टोकाचे त्याच्या निम्मे, ५२५. तिसरी म्हणजे भिंतीच्या टोकापासून खिडकीच्या सेंटरपर्यंत, सेंटर ते सेंटर, परत शेवटच्या सेंटरपासून टोकापर्यंत सगळं सारखं. ९००० भागिले ५, १८००. ह्यात मधे ६०० उरतात आणि टोकाला १२००. म्हणजे खिडक्या मधे गर्दी करून उभ्या आणि दोन्ही बाजूंना भलीमोठी कोरी भिंत.

गंमत अशी की रेव्हिटमध्ये काही विचार न करता ईक्यू दाबलं की मिळते ती हीच तिसरी, जी सहसा कोणालाच नको असते. मी स्वतः पेडण्याच्या एका घराला हे करून बसलेय. मेस्त्रीने टेप धरली, लाईन मारली आणि फोन केला, "बाय, टोकाला एवढी भिंत कित्याक, कपाट ठेवणार काय?" मी म्हटलं ड्रॉइंग बघा, सगळं ईक्यू आहे. तो म्हणाला, असेल, पण दिसत नाही. तो बरोबर होता. शिवाय मधे ६०० उरले की प्रत्येक खिडकीचा छज्जा दोन्ही बाजूंना १५० बाहेर काढल्यावर दोन छज्ज्यांत ३०० च राहतात, त्यापेक्षा एकच सलग छज्जा ओढलेला बरा, आपल्या पावसाला तोच चांगला.

कुठली केव्हा वापरायची? माझं मत सांगते. पुढे व्हरांडा असेल, खांब असतील, तर डोळे मिटून दुसरी, कारण खिडकी दोन खांबांच्या मधोमध आली पाहिजे, गोव्यातल्या जुन्या घरांचा दर्शनी भाग बघा, मधे दार आणि बाल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा), दोन्ही बाजूंना सारख्या खिडक्या, तिथे डोळ्याला भाग दिसतात, तुकडे नाही दिसत. खोली आतून बघायची असेल, म्हणजे हॉल, क्लासरूम, ऑफिस, तर पहिली. तिसरी मी तेव्हाच वापरते जेव्हा टोकाला खरंच कपाट किंवा पाणी उतरवणारी पायप हवी असते.

आता रेव्हिट. प्लॅन व्ह्यूमध्ये भिंत असू दे, डब्ल्यूएन टाइप करून चार खिडक्या अंदाजाने टाका, अंतर मोजत बसू नका, ते नंतर होतं. मग डीआय, म्हणजे अलाइन्ड डायमेन्शन. वर ऑप्शन बारमध्ये वॉल सेंटरलाइन्स असं असेल तर आधी ते वॉल फेसेस करा, हे विसरलात तर अर्धी भिंत इकडे अर्धी तिकडे पकडली जाते आणि मग हिशोब ११५ ने चुकतो. डावीकडच्या आडव्या भिंतीचा आतला फेस (म्हणजे आतली बाजू), पहिल्या खिडकीचं सेंटर, दुसरीचं, तिसरीचं, चौथीचं, उजव्या भिंतीचा आतला फेस, असं एका दमात क्लिक करत जा, मधे तोडायचं नाही, एकच सलग साखळी हवी. सेंटर पकडत नसेल तर टॅब दाबत राहा, डावी कड, सेंटर, उजवी कड असं फिरत जातं. शेवटी रिकाम्या जागी क्लिक केलं की साखळी बसते आणि वर काट मारलेलं ईक्यू दिसतं. त्यावर क्लिक, काट जाते, खिडक्या उड्या मारून जागेवर येतात.

ही झाली तिसरी, १८०० वाली. पहिली, म्हणजे ८४० वाली, कशी करायची इथे पोरं अडतात. ते काय करतात, साखळीत खिडक्यांच्या कडा पकडतात, भिंत, कड, कड, कड, कड, आणि ईक्यू दाबतात. आता त्या साखळीत खिडकीची रुंदी पण आली ना, रेव्हिट बिचारं १२०० च्या खिडकीला पण तुकड्याएवढी करायला बघतं, ते जमत नाही, मग कन्स्ट्रेंट्स आर नॉट सॅटिस्फाइड, म्हणजे घातलेली बंधनं पाळता येत नाहीत, म्हणून बॉक्स येतो. ह्याला एक सोपी युक्ती आहे. आरपी टाइप करून दोन रेफरन्स प्लेन (नुसत्या मोजायच्या मदतीच्या रेषा) काढा, दोन्ही टोकांच्या फेसपासून खिडकीच्या अर्ध्या रुंदीएवढे बाहेर, म्हणजे ६००, आणि त्या ६०० च्या डायमेन्शनला कुलूप लावून टाका. मग ईक्यूची साखळी भिंतीच्या फेसपासून नाही, ह्या प्लेनपासून त्या प्लेनपर्यंत, मधे चार सेंटर. हिशोब करून बघा, ९००० अधिक १२०० म्हणजे १०२००, भागिले ५ म्हणजे २०४०. पहिलं सेंटर फेसपासून १४४० वर, त्यातून अर्धी खिडकी ६०० गेली, उरले ८४०. बसलं की नाही? असं समजायचं की भिंतीच्या पलीकडे दोन्ही बाजूंना एकेक अर्धी खिडकी लपलीय. खिडकीची साईज पुढे १५०० केली तर मात्र ते ६०० चं ७५० हाताने करावं लागतं, एवढं लक्षात ठेवा.

दुसऱ्या प्रकाराला भिंतीत तीन रेफरन्स प्लेन टाकायचे, फेस ते फेस ईक्यू करून चार भाग पाडायचे, आणि मग प्रत्येक भागात प्लेन, खिडकीचं सेंटर, प्लेन अशी छोटी साखळी ईक्यू. काम जरा जास्त, पण त्याच प्लेनवर व्हरांड्याचे खांब पण लॉक होतात, मग खांब आणि खिडक्या एकत्रच हलतात.

आता आतून मोजायचं की बाहेरून? ह्यावर जास्त डोकं लावा, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. भिंती २३० च्या धरल्या तर तीच खोली बाहेरून ९४६० भरते. दुसऱ्या प्रकाराने बाहेरून भाग केले तर एक भाग २३६५ चा, बाहेर टोकाला सुमारे ५८३, दिसायला छान. पण आतून त्याच टोकाला ३५३ च उरतात. आणि कोपऱ्यात आरसीसी कॉलम असणारच. तो २३० बाय ४५० चा आणि लांब बाजू ह्याच भिंतीच्या दिशेने असेल तर आतल्या फेसपासून २२० आत येतो, म्हणजे कॉलम आणि चौकटीच्या मधे उरले १३३. तिथे चिरा (बांधकामाचा जांभा दगड) बसतो होय? मेस्त्री काय करतो, तुकडे कोंबतो नाहीतर काँक्रीट भरतो, आणि पहिल्या पावसाळ्यात बरोबर तिथूनच ओल आत येते. म्हणून खिडक्या वाटायच्या आधी स्ट्रक्चरल ड्रॉइंग लिंक करा आणि भिंतीच्या टोकाऐवजी कॉलमचा फेस पकडून बघा, चित्र लगेच बदलतं. आणि चिऱ्याचं काम असेल तर तुमच्या साईटवर कुठल्या साईजचा चिरा येतोय ते मेस्त्रीला विचारा, दर खाणीत थोडा फरक असतो. मधला तुकडा पूर्ण किंवा अर्ध्या चिऱ्यात बसला तर तो तुम्हाला चहा पाजेल.

आतल्या पार्टिशनचं पण तसंच. बाहेरून सहा खिडक्या एकदम शिस्तीत आणि आत गेलं तर बेडरूमची भिंत चौथ्या खिडकीच्या काचेवर येऊन आपटतेय, हे मी बघितलंय. तिथे ईक्यूचा हट्ट सोडायचा, नाहीतर पार्टिशनप्रमाणे दोन वेगळ्या साखळ्या करायच्या.

ईक्यू लावलं की ते नुसतं डायमेन्शन राहत नाही, कन्स्ट्रेंट होतं, म्हणजे भिंत लांबवली की खिडक्या आपोआप परत वाटल्या जातात. हा फायदा, आणि तापही हाच. एका क्लायंटने ऐनवेळी हॉल ४५० ने वाढवला, माझ्या खिडक्या गपचूप सरकल्या, आणि इलेक्ट्रिकलवाल्याकडे जुनीच फाईल, स्विचबोर्ड आले थेट चौकटीत. त्यामुळे प्लॅन फायनल झाल्यावर मी ईक्यू काढून साधे आकडे ठेवते. डायमेन्शन डिलीट केलं की एक वॉर्निंग येते, त्यात नुसतं ओके केलं तर डायमेन्शन जातं पण कन्स्ट्रेंट आतच राहतो, मग दोन महिन्यांनी खिडकी हलत का नाही म्हणून डोकं खाजवत बसायचं. अनकन्स्ट्रेन दाबायचं. आधीच असं झालं असेल तर खाली व्ह्यू कंट्रोल बारमध्ये रिव्हील कन्स्ट्रेंट्स आहे, ते चालू केलं की लपलेले सगळे दिसतात.

साईटवर द्यायच्या प्रिंटवर ईक्यू हा शब्द ठेवू नका, मेस्त्रीला आकडा लागतो. डायमेन्शन सिलेक्ट करून प्रॉपर्टीजमध्ये इक्वॅलिटी डिस्प्ले व्हॅल्यूवर आणा. त्याहून बरं म्हणजे एका टोकापासून रनिंग आकडे द्या, ८४०, २०४०, २८८०, ४०८० असे, डायमेन्शनच्या टाइपमध्ये स्ट्रिंग टाइप ऑर्डिनेट केलं की येतात. प्रत्येक तुकडा वेगळा मोजला की दर वेळी चार-पाच मिमी खाल्ले जातात आणि सगळी चूक शेवटच्या तुकड्यात जमा होते.

ऑटोकॅडवाल्यांनी हिरमुसायचं कारण नाही. आतल्या फेसची एक लाईन काढा, लेंग्थन घेऊन डेल्टा ६०० ने दोन्ही टोकं वाढवा, मग डिव्हाइड, ब्लॉक, खिडकीच्या ब्लॉकचं नाव, ५. चार खिडक्या ८४० च्या हिशोबाने बसतात, फक्त ब्लॉकचा बेस पॉइंट सेंटरला हवा. भिंत बदलली तर परत करायचं, ते काय आपोआप होत नाही.

स्केचअपमध्ये पहिली खिडकी जागेवर ठेवा, मूव्ह घ्या, कंट्रोल दाबून तिची कॉपी शेवटच्या खिडकीच्या जागी न्या आणि लगेच, दुसरं काही न दाबता, /३ टाइप करून एंटर. ३ म्हणजे तीन अंतरं, खिडक्या चार, सगळेच पहिल्यांदा ४ टाकतात आणि पाच खिडक्या आल्या म्हणून गोंधळतात. आणि हो, खिडकीचा कंपोनंट तिथे भिंतीचा एकच फेस कापतो, आतल्या बाजूचं भोक तुम्हालाच पाडावं लागतं.