ऑपरेशननंतर डोकं ठणकतच राहिलं तर: नर्व्ह ब्लॉकचं इंजेक्शन कसं घ्यावं

अक्काच्या उजव्या कानामागं बोटभर लांबीची खूण आहे. ऐकण्याच्या नसेवर गाठ होती, ती पुण्यात ऑपरेशन करून काढली. गाठ साधी निघाली, चालताना जाणारा तोलही महिना-दीड महिन्यात सावरला. डोकं मात्र मागं लागलं ते लागलंच. अक्का शाळेचे गणवेश शिवते. मान खाली घालून मशीनवर अर्धा तास बसली की कानामागून सणक निघायची आणि टाळूवरून जाऊन थेट डोळ्याच्या मागं ठाण मांडायची. ‘टाके पडलेत, दुखणारच’ असं म्हणत आम्ही चार महिने घालवले. शेवटी डॉक्टरांनी नर्व्ह ब्लॉकचा, म्हणजे दुखऱ्या नसेपाशी भुलीचं औषध देऊन ती काही तास बधिर करण्याचा, विषय काढला, तेव्हा घरात पहिला प्रश्न आला, ‘डोक्यात सुई?’

सुई डोक्यात जात नाही, कातडीखाली जाते. आणि हे इंजेक्शन जेवढं औषध आहे तेवढीच ती एक परीक्षा आहे. दुखणं या नसेतूनच येतंय का, हे त्यातून कळतं. ते कळून घ्यायची तयारी ठेवून गेलात तर इंजेक्शन ‘फुकट गेलं’ असं सहसा होत नाही.

दुखणं बोटानं दाखवता येतं का?

मानेच्या वरच्या मणक्यांपाशी एक नस निघते, स्नायूंमधून वाट काढत डोक्याच्या मागच्या बाजूनं टाळूपर्यंत चढते. तिचं नाव ग्रेटर ऑक्सिपिटल. तिच्या बाजूनं कानामागं जाणारी लेसर ऑक्सिपिटल. आपण थोरली आणि धाकटी म्हणू. कानामागून किंवा डोक्याच्या मागून ऑपरेशन झालं असेल तर यांतली एखादी कापली गेलेली, ताणलेली किंवा व्रणाच्या गाठीत आवळलेली असू शकते. कपाळाच्या बाजूनं ऑपरेशन झालं असेल तर भुवईवरची किंवा कानशिलावरची नस दोषी असू शकते, तिचाही ब्लॉक करता येतो.

मागं दुखतंय आणि डोळा का ठणकतो, हे अक्काला पटत नव्हतं. मानेकडून येणारी आणि चेहऱ्याकडून येणारी संवेदना मेंदूच्या बुडाशी एकाच ठिकाणी मिळते. आपल्या कुर्डुवाडीला रेल्वेचे दोन मार्ग मिळतात तसं. मेंदूला गाडी आलेली कळते, कुठल्या मार्गानं आली हे नीट कळत नाही.

घरच्या घरी एवढं बघा: दुखण्याची जागा एका बोटानं दाखवता येते का, व्रणाच्या आसपास दाबलं की तीच ओळखीची कळ उठते का, केस विंचरताना किंवा उशीवर त्या कुशीला झोपताना त्रास होतो का, विजेसारखी सणक येते का. उत्तरं ‘हो’ असतील तर ब्लॉकचा विषय काढायला अर्थ आहे. डोकं सगळीकडून सारखंच जड असेल तर आधी दुसरी कारणं तपासावी लागतात.

कवटीच्या ऑपरेशननंतरची डोकेदुखी बहुतेकांची आठवड्या-महिन्यांत उतरते. 3 महिन्यांच्या पुढे गेली तर डॉक्टर तिला चिवट धरतात. पण थांबायचंच नाही अशीही काही लक्षणं आहेत. ताप आणि मान आखडणं. उठून बसलं की भयंकर दुखणं आणि आडवं झालं की उतरणं, किंवा नाकातून, कानातून पाण्यासारखं गळणं: मेंदूभोवतीचं पाणी झिरपत असू शकतं. आडवं झाल्यावर वाढणारं दुखणं, उलट्या, गुंगी, फिट, हातापायातला जोर जाणं, अंधुक दिसणं. यांतलं काहीही असेल तर इंजेक्शनची अपॉइंटमेंट राहू द्या, सरळ ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करा आणि रात्र असली तरी इमर्जन्सीत जा.

बाळंतपणात किंवा हर्नियाच्या वेळी कमरेत भूल दिल्यानंतर दुखणारं डोकं हे वेगळं प्रकरण आहे. त्याचे उपाय वेगळे आहेत, भूल दिलेल्या डॉक्टरांनाच भेटा.

गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या मोजा

हे काम कोणाला आवडत नाही. अक्काच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिन आणि खडूच्या तुकड्यांत मला गोळ्यांच्या अकरा रिकाम्या पट्ट्या सापडल्या. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ‘डोक्याची गोळी’ म्हणून आणलेल्या. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, आणि मिश्र गोळ्या किंवा मायग्रेनच्या खास गोळ्या 10 किंवा जास्त दिवस, असं 3 महिन्यांच्या वर चाललं तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. मग इंजेक्शनचा गुण उघड दिसत नाही आणि सगळे इंजेक्शनला नावं ठेवतात. म्हणून खरा आकडा डॉक्टरांना सांगा, लाजू नका. गोळ्या एकदम बंद मात्र स्वतःच्या मनानं करू नका, कशा उतरवायच्या ते विचारा.

कोणाकडे जायचं आणि पिशवीत काय न्यायचं

हे इंजेक्शन न्यूरॉलॉजिस्ट, न्यूरोसर्जन किंवा दुखण्यावरचं काम करणारे भूलतज्ज्ञ देतात. शेवटच्यांचं ‘पेन क्लिनिक’ असतं. सोलापुरात सिव्हिलला केसपेपर काढून भूल विभागात चौकशी करता येते, खासगीतही विचारता येतं. एका गोष्टीचा आग्रह धरा: ऑपरेशन केलेल्या सर्जनला आधी कळवा. त्यासाठी दर वेळी सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला जायलाच हवं असं नाही, बऱ्याचदा फोनवर आणि कागदांच्या फोटोंवर काम होतं.

पिशवीत डिस्चार्ज कार्ड हवंच. त्याहून महत्त्वाची ऑपरेशनची सविस्तर नोंद, जिला हॉस्पिटलात ओटी नोट म्हणतात. ती आपल्याला आपणहून देत नाहीत. आम्हाला दोन खिडक्यांवरून तिसऱ्या खिडकीवर धाडलं, लेखी अर्ज घेतला आणि आठ दिवसांनी दिली. तरीही मिळवा. सांगतो का ते.

डोक्याच्या ऑपरेशनमध्ये हाडाचा तुकडा काढतात. कधी तो परत बसवतात, कधी जाळी किंवा हाडाचं सिमेंट लावतात, कधी तिथं पोकळी राहते. हाड नसलेल्या जागेवर हे इंजेक्शन दिलं तर औषध आत मेंदूच्या बाजूला उतरू शकतं आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. साध्या मायग्रेनच्या रुग्णाला ज्या सहजतेनं ही सुई देतात, ती सहजता इथं चालत नाही. आम्ही आधी ज्या दवाखान्यात गेलो तिथं ऑपरेशन कुठल्या बाजूनं झालं एवढंच विचारलं आणि सिरिंज भरायला घेतली. आम्ही उठून आलो. दुसऱ्या डॉक्टरांनी ओटी नोट वाचली, सीटी स्कॅन उजेडाला धरला आणि मग बोटानं कानामागं हळूहळू चाचपत गेले. एका जागी बोट थांबलं. ‘इथं हाड नाही,’ म्हणाले. त्यांनी पोकळीपासून लांब, मध्यरेषेच्या बाजूला, सोनोग्राफीत बघत सुई दिली. तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही सांगा: ‘डॉक्टर, हाड परत बसवलंय की नाही ते बघता का?’

बाकी सांगायचं ते असं: रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का (त्याही आपल्या मनानं थांबवायच्या नाहीत), दात काढताना भुलीच्या इंजेक्शननं कधी त्रास झाला होता का, शुगर आहे का, गरोदरपण आहे का, डोक्यात शंटची (मेंदूतलं जास्तीचं पाणी वाहून नेणारी) नळी आहे का, आणि सुईच्या जागेवर पुरळ किंवा जखम आहे का.

शुगरवाल्यांनी इथं कान द्यावा. सिरिंजमध्ये भुलीचं औषध असतं, लिग्नोकेन किंवा बुपिव्हॅकेन, कधी दोन्ही. एका बाजूला साधारण 2 ते 3 मिली. त्यात काही डॉक्टर स्टिरॉइड मिसळतात. त्यानं रक्तातली साखर काही दिवस वर जाऊ शकते, आणि सुईच्या जागेवरचे केस रुपयाएवढे गळू शकतात किंवा कातडी खोलगट होऊ शकते. क्लस्टर नावाच्या डोकेदुखीत स्टिरॉइडचा फायदा दिसला आहे. मायग्रेनमध्ये मिसळून फारसा जास्त फायदा दिसलेला नाही. ऑपरेशननंतरच्या डोकेदुखीवर मोठे अभ्यासच कमी आहेत. अक्काला शुगर आहे म्हणून पहिल्या खेपेला नुसतं भुलीचं औषध द्यायचं ठरलं. ‘स्टिरॉइड घालणार का, का घालणार?’ हा प्रश्न उद्धट नाही.

त्या दिवशी

उपाशी राहायची गरज सहसा नसते, उलट थोडं खाऊन जा. एप्रिल-मेमधल्या सोलापूरच्या उन्हात रिकाम्या पोटी, तहानलेलं जाऊन सुई टोचली की चक्कर येणारच. शक्यतो सकाळची वेळ घ्या. केसांना तेल लावू नका. सोबत कोणी तरी असू द्या, परतताना गाडी स्वतः चालवायची नाही.

आमची चूक इथं झाली. मी सकाळी निघताना अक्काला ‘रस्त्यात त्रास नको’ म्हणून गोळी दिली. दवाखान्यात पोचेपर्यंत दुखणं अर्ध्यावर आलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, ‘आत्ता दहापैकी किती?’ अक्का म्हणाली, ‘चार असेल.’ चारावरून उतरून काय कळणार? त्यांनी आम्हाला परत पाठवलं, चार दिवसांनी या म्हणाले. जायच्या सकाळी वेदनाशामक गोळी घ्यायची की नाही हे आधीच विचारून ठेवा. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत.

इंजेक्शनला पाच-दहा मिनिटं लागतात. खुर्चीत बसवून कपाळ टेबलावरच्या उशीवर टेकवायला लावतात किंवा पालथं झोपवतात. केस बाजूला करून जागा निर्जंतुक करतात. बारीक सुई. टोचतं, मग औषध आत जाताना चरचरतं, दाब जाणवतो, कधी सणक टाळूपर्यंत पळते. ती आली तर ‘आली’ म्हणून सांगा, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. नंतर वीस-तीस मिनिटं पडून राहायचं. घाम, गरगर, मळमळ काही वाटलं तर संकोच न करता हाक मारा. जीभ बधिर वाटणं, कानात आवाज येणं, धडधड, विलक्षण गुंगी हे लगेच सांगायचं.

पहिले सहा तास: कागद-पेन्सिल

ज्याच्यासाठी गेलो ते इथं आहे. दहा-वीस मिनिटांत डोक्याचा मागचा भाग बधिर होतो. अक्कानं कंगवा फिरवून बघितला आणि हसली. ‘दुसऱ्याच कोणाचं तरी डोकं विंचरतेय बे मी.’

आता दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या: बधिरपणा आहे का, आणि दुखणं किती. आम्ही कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तीन रकाने आखले. वेळ, बधिर हो/नाही, दुखणं दहापैकी. आधी एकदा, अर्ध्या तासानं एकदा, मग तासातासाला. पहिली ओळ ‘10:40, नाही, 8’. ‘11:15, हो, 2’. ‘1:15, हो, 2’. साडेचारच्या सुमारास बधिरपणा ओसरला आणि आकडा पाचावर आला. अक्का हिरमुसली, ‘गेलं की परत.’ डॉक्टरांनी तोच कागद बघून मान हलवली. जोवर नस झोपली तोवर दुखणं झोपलं, म्हणजे बराचसा ठणका याच नसेतून येतोय, हा त्याचा अर्थ.

उलट, डोकं छान बधिर झालं आणि दुखणं जिथल्या तिथं राहिलं तर ही नस बहुधा दोषी नाही. आणि बधिरच झालं नाही तर औषध नेमकं पोचलं नाही, परीक्षाच झाली नाही. तिन्हींत ‘काही फरक नाही’ असं एकच वाक्य डॉक्टरांना सांगितलंत तर त्यांना पुढची वाट कशी कळेल? आणि एखाद्याला नुसती सुई टोचल्यानंही काही तास बरं वाटतं, म्हणून डॉक्टर कधी कधी एकदा पुन्हा करून बघतात.

बधिर भागावर गरम पाण्याची पिशवी किंवा बाम नको, भाजलं तरी कळणार नाही. त्या दिवशी हेल्मेटचा दाबही टाळा, म्हणजे दुचाकीच टाळा.

पुढचे आठवडे

भुलीचा असर काही तासांत जातो, तरी काहींचं दुखणं दिवस, आठवडे, क्वचित महिने कमी राहतं. चिडलेली नस थोडी शांत होते. स्टिरॉइड दिलं असेल तर त्याचा गुण दोन-तीन दिवसांनी ते आठवड्यात दिसू लागतो. मधले एक-दोन दिवस जागा ठुसठुसते, डोकं नेहमीपेक्षा जास्तही दुखतं. रोज रात्री एक आकडा आणि किती गोळ्या घेतल्या ते लिहित राहा. शुगर असेल आणि स्टिरॉइड घेतलं असेल तर आठवडाभर घरी तपासा. जागा लाल होऊन गरम लागली, पू आला, ताप आला तर लगेच दाखवा.

अक्काला पहिल्या खेपेनंतर नऊ दिवस बरे गेले. दुसऱ्या खेपेला धाकट्या नसेलाही औषध दिलं आणि पाच आठवडे मिळाले. त्या पाच आठवड्यांत गोळ्या उतरवल्या. स्टिरॉइडची इंजेक्शनं घाईघाईनं परत घेत नाहीत, साधारण 3 महिन्यांचं अंतर ठेवतात. नुसत्या भुलीच्या औषधाचं अंतर त्याहून कमी चालतं.

गुण येतो पण टिकत नाही, असं झालं तर नसेवर पल्स्ड रेडिओफ्रिक्वेन्सी (सुईतून विजेचे हलके ठोके देऊन नस शांत करणं) करतात, किंवा नसेच्या दुखण्याच्या गोळ्या सुरू करतात. अॅमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन अशी नावं कानावर येतील. पहिली मूळची नैराश्यावरची आहे म्हणून बिचकू नका, दुखण्यावर ती कमी डोसमध्ये देतात. मानेचा फिजिओ मात्र दुखणं उतरलेल्या दिवसांतच सुरू करायचा असतो, ठणक्यात मान कोण हलवू देतो? फिजिओवाल्या ताईंनी अक्काच्या मशीनचा फोटो मागवला. आता मशीनच्या चारही पायांखाली एकेक वीट आहे, स्टूलही उंच केलंय, आणि दर वीस मिनिटांनी मोबाइल वाजला की अक्का चरफडत उठते.