कोणता ब्राउझर फास्ट, कोणाचे डेव्हटूल्स भारी: स्वतः मोजायची पद्धत

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा या चौघांचं इंजिन (पेज स्क्रीनवर उभं करणारा आतला भाग) एकच आहे, ब्लिंक (एजसुद्धा जानेवारी 2020 पासून क्रोमियमवरच, म्हणजे क्रोमच्या मूळ ओपन-सोर्स कोडवरच आहे), त्यामुळे त्यांच्यात आपापसात स्पीडचा फरक शोधत बसण्यात फार अर्थ नाही, खरी तुलना ब्लिंक, फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट यांच्यात करायची. आणि भारतात आयफोनवर क्रोम टाकलात तरी आत वेबकिटच चालतं, म्हणून ही टेस्ट लॅपटॉपवर करा.

प्रत्येक ब्राउझरमध्ये नवीन प्रोफाइल बनवा, एक्स्टेन्शन शून्य, कारण एक ॲडब्लॉकर जरी चालू राहिला तरी आकडे गंडतात. चार्जर लावा, बाकी ॲप्स बंद करा. मग स्पीडोमीटर 3 चालवा, ब्राउझरबेंच डॉट ऑर्गवर आहे, फुकट. मार्च 2024 मध्ये आलेली ही टेस्ट ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला यांनी मिळून केलीये, म्हणून मला ती इतर बेंचमार्कपेक्षा जास्त पटते. यात टू-डू लिस्ट, एडिटर, चार्ट असली कामं पटापट करून घेतात आणि स्कोअर जितका जास्त तितकं चांगलं. डेव्हटूल्स (ब्राउझरमध्येच असलेली, पेज आतून तपासायची साधनं) बंद ठेवूनच चालवा, तीन-चार वेळा, आणि मधला आकडा धरा.

पण हा स्कोअर म्हणजे तुमची साइट नव्हे. आता तुमची साइट उघडा, एफ12 दाबून डेव्हटूल्स उघडा, नेटवर्क टॅबमध्ये जा, डिसेबल कॅशवर टिक करा (म्हणजे आधी साठवलेल्या फाइल्स वापरल्या जात नाहीत), पेज रिलोड करा आणि खाली लोडचा टाइम बघा. इथे बरेच जण क्रोममध्ये 3जी थ्रॉटलिंग (नेट मुद्दाम स्लो करायची सेटिंग) लावतात, फायरफॉक्समध्येही 3जी लावतात आणि आकडे शेजारी ठेवतात, ते चुकीचं आहे कारण दोघांच्या प्रीसेटचे (तयार सेटिंगचे) स्पीड वेगळे आहेत, त्यापेक्षा सगळ्यांना एकाच मोबाइलचा हॉटस्पॉट द्या.

डेव्हटूल्सचं म्हणाल तर एकच निवडायची काय गरज? पेज अडकत असेल तर क्रोमचा परफॉर्मन्स टॅब उघडा, सीपीयू 4 पट स्लो करा, रेकॉर्ड करा, 50 मिलिसेकंदांच्या वर गेलेल्या टास्कवर लाल खूण दिसते, तिथूनच सुरुवात करायची.

मराठी साइट असेल तर मात्र फायरफॉक्स उघडाच! इन्स्पेक्टरमध्ये हेडिंग सिलेक्ट करून फॉन्ट्स टॅब बघा, तुम्ही सीएसएसमध्ये (पेजचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) जो फॉन्ट लिहिलाय त्यात देवनागरीच नसेल तर विंडोजवर गपचूप तिथलाच निर्मला यूआय फॉन्ट लागलेला दिसेल, आणि फॉन्टच्या नावावर माउस नेला की पेजवर नेमकी कुठली अक्षरं त्यात आहेत ती हायलाइट होतात, म्हणजे आकडे एका फॉन्टमध्ये आणि शब्द दुसऱ्यात असले तर लगेच सापडतं. क्रोममध्येही ही माहिती आहे पण कम्प्युटेड टॅबच्या अगदी तळाशी. शिवाय एखादी सीएसएस प्रॉपर्टी लागू होत नसेल तर फायरफॉक्स ती फिकट करून शेजारी कारण सांगतो, शिकणाऱ्यांसाठी ही फार मोठी मदत आहे.

सफारीत डेव्हलप मेनू आधी सेटिंग्जच्या ॲडव्हान्स्डमधून चालू करावा लागतो, आणि आयफोनवरचं पेज सफारीतून तपासायचं तर मॅक हवाच. अँड्रॉइडला यूएसबी केबल पुरते, फोनवर यूएसबी डीबगिंग चालू करा आणि लॅपटॉपच्या क्रोममध्ये इन्स्पेक्ट पेज (chrome://inspect) उघडा.