फोन फ्लाइट मोडवर टाकला, मग ॲप निवडलं

बडोद्यात माझं एसी दुरुस्तीचं काम. सहा कारागीर, शंभरेक एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचे करार. मे महिन्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रारी वाहून जायच्या. एकदा अलकापुरीत एकाच घरी दोघे पोचले आणि कारेलीबागेतल्या आजी दिवसभर उकाड्यात बसून राहिल्या. त्यांनी फोनवर जे सुनावलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

म्हणून कारागिरांना कामं वाटून देणारं ॲप घ्यायचं ठरवलं. पहिलं मी रंगीत आलेख बघून घेतलं. चूक माझीच. बेसमेंटमध्ये नेटवर्क गेलं की जॉबकार्ड, म्हणजे त्या कामाची नोंद, नुसतं गरगरायचं. फोटो, ग्राहकाची सही, सगळं गायब.

दुसऱ्या वेळी डेमोतच फोन फ्लाइट मोडवर टाकला आणि म्हटलं, आता जॉबकार्ड भरून दाखवा. तीन ॲपवाल्यांपैकी दोघांचं तिथेच अडलं. तिसऱ्याचा फोन आमच्या सगळ्यात जुन्या कारागिराच्या हातात दिला. गुजराती बटणं बघून तो म्हणाला, "साहेब, आ चालशे."

दर माणशी होता, म्हणून मोसमी पोरांचे पैसे बाराही महिने लागणार का, ते आधी विचारलं. १८ टक्के जीएसटीचं बिल टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, जातं का आणि ॲप सोडताना ग्राहकांची यादी एक्सेलमध्ये मिळते का, हेही तपासलं. मग दोन आठवडे दोघांनाच वापरायला दिलं.

आजींची पुढची सर्व्हिस आता आठवडाभर आधीच स्क्रीनवर येते. तरी मी फोन करूनच जातो.