लहान ओढ्यात स्थानिक जलवनस्पती रुजवताना

मुंबईत बोरिवली-गोरेगावच्या टेकड्यांवरून उतरणारे ओढे जून ते सप्टेंबर या काळात इतक्या वेगाने वाहतात की नव्याने लावलेले रोप पहिल्याच मोठ्या पावसात वाहून जाते. म्हणून लागवड पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये करावी, म्हणजे मुळांना पुढच्या पावसापर्यंत सुमारे आठ महिने मिळतात. ओढ्याच्या वळणाची आतली बाजू निवडावी, कारण तेथे प्रवाह मंदावून गाळ साचतो. काठाच्या ओल्या चिखलात ब्राह्मीच्या मुळे फुटलेल्या फांद्या आणि उथळ पाण्यात लव्हाळ्याचे गड्डे लावावेत. प्रत्येक गड्डा मातीसह गोणपाटात गुंडाळून सुतळीने सैल बांधावा आणि प्रवाह येतो त्या बाजूला दोन-तीन जड दगड रचावेत. गोणपाट कुजेपर्यंत मुळे गाळात उतरलेली असतात. प्लॅस्टिकची पिशवी किंवा तार मात्र कायमची ओढ्यातच राहते.

पाणकणीस, म्हणजे कणसासारखे तुरे येणारे उंच पाणगवत, काठ घट्ट धरते, परंतु अरुंद ओढ्यात ते पाहता पाहता पात्र अडवते, त्यामुळे मी ते टाळण्याचाच सल्ला देईन. जांभळ्या फुलांची जलपर्णी कितीही देखणी वाटली तरी ती दक्षिण अमेरिकेतून आलेली आहे. ती दिसताच मुळासकट काढून पाण्यापासून दूर वाळवावी, कारण उरलेल्या तुकड्यातूनही ती पुन्हा वाढते. रोपे रोपवाटिकेतूनच घ्यावीत. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील ओढ्यांतून ती उपटून आणू नयेत.