वाई-जावळीकडं नव्यानं आलात? मिनी ट्रॅक्टर घ्यायच्या आधी एवढं वाचा

दिवाळी झाली की मला फोन सुरू होतात. पावसाळ्यातले हिरवेगार डोंगर बघून पुण्या-मुंबईच्या कुणीतरी वाईच्या नाहीतर मेढ्याच्या बाजूला दोन-तीन एकर घेतलेले असतात. घर उभं राहिलेलं असतं आणि कमरेएवढं वाढलेलं गवत पिवळं पडायला लागलेलं असतं. "काकू, एक छोटा ट्रॅक्टर घ्यावा म्हणतोय, कुठला घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिल्या वर्षी कुठलाच घेऊ नका.

मी स्वतः २०१२ साली ठाणं सोडून वाईच्या पश्चिमेला राहायला आले. साडेतीन एकर, त्यातलं निम्मं उतारावर, मधे दगडी ताली, म्हणजे माती अडवणारे दगडी बांध. जमीन माझ्या नावावर आहे, कारण माहेर तासगावकडचं आणि वडिलांच्या मागं तिथल्या सातबाऱ्यावर माझं नाव लागलं. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ मुळं जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय इथं शेतजमीन घेता येत नाही. नवरा पक्का ठाणेकर, त्यामुळं कागदोपत्री तो आमच्या रानात पाहुणाच. तुमचे हे सोपस्कार झालेले आहेत असं धरून पुढं बोलते.

पहिलं वर्ष गावातला ट्रॅक्टर भाड्यानं बोलवा आणि एक वही ठेवा. काय काम, किती तास, कुठल्या महिन्यात, एवढंच लिहायचं. माझ्या वहीत वर्षाअखेर निघालं ते असं: नांगरट एकदाच, रोटाव्हेटर, म्हणजे माती भुसभुशीत करणारं फिरत्या पात्यांचं अवजार, दोनदा, शेणखताच्या सहा ट्रॉल्या, आणि बाकी सगळी पानं गवत आणि रस्ता. नांगरटीसाठी स्वतःचा ट्रॅक्टर घेणं म्हणजे वर्षातून एकदा लागणाऱ्या मांडवासाठी मंगल कार्यालय बांधण्यासारखं झालं असतं. तुमच्या वहीत वेगळं निघेल. पण ते निघाल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका.

भाड्याच्या ट्रॅक्टरची खरी अडचण पैशांची नाही, वाफशाची आहे. पाऊस उघडला की काळ्या रानात धड चिखलही नाही आणि धड ढेकूळही नाही अशी अवस्था जेमतेम काही दिवस असते. तेवढ्याच दिवसांत अख्ख्या गावाला ट्रॅक्टर हवा असतो. मालक आधी स्वतःचं करणार, मग भावकीचं, मग जुन्या गिऱ्हाइकांचं, आणि मग बंगलेवाल्या मॅडमचं. यात राग धरण्यासारखं काही नाही, मीही तेच केलं असतं. तोवर आपल्या रानाची वीट झालेली असते. तुमच्या वहीत असं तीन-चारदा घडलेलं दिसलं, तर स्वतःच्या ट्रॅक्टरचा विचार रास्त आहे.

आता आपली कामं कुठली ते नीट बघू, कारण इथंच गफलत होते. आपण पिकासाठी कमी आणि राखणीसाठी जास्त राबतो. पावसाळ्यानंतरचं गवत कापलं नाही तर फेब्रुवारी ते एप्रिलमधे डोंगरावरून उतरणारा वणवा सरळ पडवीत येतो. त्यामुळं हद्दीलगत गवत काढून जाळपट्टा मोकळा ठेवणं हे आपलं सगळ्यात मोठं काम. दुसरं, मुरमाचा रस्ता. पश्चिमेकडचा पाऊस दर वर्षी तो वाहून नेतो आणि चर पाडून ठेवतो. मग आंबा-चिकूच्या ओळींमधली मशागत, आणि खत, माती, दगड, सरपण वाहणं. या यादीत नांगर शेवटी येतो, आणि दुकानात मात्र पहिला प्रश्न नांगराचाच विचारतात.

आपल्या भागात मिनी ट्रॅक्टर आला आणि रुजला तो मुख्यतः सांगलीच्या द्राक्षबागांमुळं. तासगाव, मिरज, पलूसकडं बागेच्या दोन ओळींत नऊ-दहा फूट अंतर, वर मांडव, आणि मागं औषध फवारणीचा ब्लोअर. तिथं ट्रॅक्टर हवा बुटका, अरुंद, चटकन वळणारा. रान सपाट, त्यामुळं अरुंदपणाचा त्रास नाही. माझ्या भावाकडं असाच एक आहे, तीन-साडेतीन फूट रुंदीचा, आणि बागेत तो सुईसारखा फिरतो. तेव्हा तुम्ही दुकानात जाऊन "मिनी दाखवा" म्हणालात की समोर येतो तो बहुधा हाच बागेचा ट्रॅक्टर. विकणाऱ्याची त्यात चूक नाही, त्याची दहातली आठ गिऱ्हाइकं त्यासाठीच येतात.

मी भावाचं बघून तसलाच घेतला. पंधरा एचपी, एका सिलिंडरचा, ओढ फक्त मागच्या दोन चाकांना. दुसऱ्या महिन्यात शेणखताची भरलेली ट्रॉली घेऊन वरच्या तालीवरून खाली उतरत होते. ब्रेक दाबला, मागची चाकं थांबली, पण ट्रॉली थांबली नाही. तिनं ट्रॅक्टरला मागून ढकलत सरळ खाली नेला आणि बांधावरच्या करवंदीच्या जाळीत घातला. मला ओरखडे आणि ट्रॅक्टरला पोचा, एवढ्यावर निभावलं. जाळीच्या पलीकडं बारा फुटांची ताल होती. शेजारचे आबा येऊन बघून गेले आणि फक्त एवढंच म्हणाले, "ताई, ह्यो बागंतला बैल हाय, डोंगराला का जुंपला?" दोन वर्षांनी तो तोट्यात विकला.

तेव्हा तुमची जमीन कृष्णाकाठाला सपाट असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. उतारावर असेल तर दोनदा वाचा. एचपी नंतर, आधी चारही चाकांची ओढ असलेला घ्या. लोकांना वाटतं ती चिखलातून निघण्यासाठी असते. खरा उपयोग उतरताना आहे. ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांना असतात. पुढची चाकं इंजिनाला जोडलेली असली की खालच्या गियरमधे इंजिनच चारही चाकांना आवरून धरतं. दुसरं, चाकांमधलं अंतर. बऱ्याच मॉडेलांत मागच्या चाकांच्या डिस्क उलट्या बसवून ते वाढवता येतं. उतारावर शक्य तेवढं पसरट ठेवा. मागच्या टायरमधे तीन-चतुर्थांशपर्यंत पाणी भरलं की वजन खाली राहतं, आणि याला खर्च जवळपास नाही. तिसरं, चालकाच्या मागची लोखंडी कमान आणि सीटबेल्ट. छोट्या ट्रॅक्टरना ती बरेचदा नसते, तेव्हा आवर्जून मागा, घासाघीस करायची तर दुसऱ्या कशावर करा. कमान असेल तर पट्टा बांधायचा. कमान नसताना पट्टा बांधून बसणं मात्र घातक, ट्रॅक्टर उलटला तर माणूस त्याच्याखालीच अडकतो. उतारावर आडवं चालवायचं नाही, वर-खाली चालवायचं. आणि भरलेली ट्रॉली उतरवताना गियर आधीच खालचा टाकायचा, मधे क्लच दाबायचा नाही.

एचपीचं म्हणाल तर दोन-चार एकराच्या राखणीला २० ते २५ पुरे. दुकानदार सांगतो तो आकडा इंजिनाचा असतो. मागच्या पीटीओ शाफ्टला, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या दांड्याला, त्यातला पाचवा-सहावा हिस्सा कमीच पोचतो, आणि रोटाव्हेटर असो की गवत कापणारा स्लॅशर, ते फिरतात पीटीओवर. तेव्हा पीटीओची एचपी विचारा. साधारण वीस एचपीला तीन-साडेतीन फुटी रोटाव्हेटर शोभतो. चार फुटी घ्या म्हणून आग्रह झाला तरी हसून नको म्हणा. स्वराज ७१७ किंवा महिंद्रा युवराज २१५ ही एका सिलिंडरची मंडळी स्वस्त आणि साधी. सपाट रानाला छान, पण तासभर गवत कापून उतरलात की हाताला मुंग्या येतात. महिंद्राचे जिवो, कुबोटाचे निओस्टार, व्हीएसटी शक्ती यांत दोन-तीन सिलिंडरची आणि चारचाकी ओढीची मॉडेलं मिळतात. महिंद्रानं १५ ऑगस्ट २०२३ ला आणलेल्या ओजामधे पुढं-मागं जाण्यासाठी स्टिअरिंगजवळ वेगळा दांडा आहे. रस्ता सपाट करताना दर वीस फुटांवर मागं यावं लागतं, तिथं असा दांडा हाताला फार बरा. यातला कुठला, ते मी सांगणार नाही, त्याचं कारण पुढं येईल.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांच्याकडून आणखी एक मागणी हमखास येते: पुढं बकेट लावलेला, पायानं दाबला की चालणारा, गियर नसलेला ट्रॅक्टर. मुलानं व्हिडिओ पाठवलेला असतो. तिकडं घराभोवतीच्या कामाला तो सर्रास वापरतात, खरं आहे. आपल्याकडं या आकारात तो सहज मिळत नाही, आणि कुणी बाहेरून बकेट बसवून देतो म्हणाला तर पुढच्या आसावर येणारं वजन कोण सोसणार ते आधी विचारा. माती उचलायला वर्षातून चार तास जेसीबी बोलवा. शांतपणे सावलीत बसून बघा.

अवजारांचा हिशेब ट्रॅक्टरच्या आधी करा. मी असते तर या क्रमानं घेतलं असतं: गवताचा स्लॅशर, मागं लावायचं लेव्हलर पातं, छोटी हायड्रॉलिक ट्रॉली, मग रोटाव्हेटर. नांगर शेजाऱ्याचाच बरा, तोही त्याच्याच ट्रॅक्टरला. कारण मोठ्या ट्रॅक्टरची अवजारं आपल्याला जुळत नाहीत. अवजार जोडायच्या आपल्या खालच्या लिंकची पिन २२ मिलिमीटरची, पंचेचाळीस एचपीवाल्यांची २८ ची. बुश घालून जुळवलं तरी ते वजन पेलत नाही. कागदावर हायड्रॉलिक ७५० किलो उचलतं, पण त्याच्या बऱ्याच आधी पुढची चाकं जमीन सोडतात आणि स्टिअरिंग हवेत फिरायला लागतं. स्लॅशरचं बुकिंग ऑगस्टमधे करा. मला दसऱ्याला देतो म्हणून सांगितलेला संक्रांतीला मिळाला, तोवर सगळं गवत विळ्यानं बायका लावून काढलं होतं.

मॉडेल मी का सांगत नाही? कारण ते तुमच्या मिस्त्रीनं सांगायचं आहे. तुमच्या गावापासून दहा-पंधरा किलोमीटरवर कुठल्या कंपनीचा ट्रॅक्टर उघडून बसवणारा माणूस आहे, ते आधी शोधा. ५० एचपीच्या वरच्यांना जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे नवे नियम लागले, छोट्यांना ते लागले नाहीत. त्यामुळं आपली इंजिनं अजून साध्या पंपाची आहेत आणि गावातला मिस्त्री ती दुरुस्त करू शकतो. पण फिल्टर, क्लचप्लेट, पुढच्या आसाचे सील सातारा-कराडला मिळतात की कोल्हापूरहून मागवावे लागतात, यानं पावसाळ्यातले आठ दिवस वाचतात किंवा जातात. त्या मॉडेलच्या तीन मालकांना भेटा, आणि त्यातला एक तरी असा बघा ज्यानं पाच वर्षं वापरलाय. नोव्हेंबरात कराडला यशवंतराव चव्हाणांच्या नावानं कृषी प्रदर्शन भरतं. तिथं सगळे एका मांडवात बघायला मिळतात, सीटवर बसून पाय क्लचला पोचतोय का तेही कळतं. मात्र तिथं बयाणा देऊ नका. ट्रॅक्टर तुमच्याच रानात, तुमच्याच उतारावर, मागं वजन लावून चालवून दाखवा म्हणा. जो आढेवेढे घेईल त्याला नमस्कार.

कागदांचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा कुणी जुन्या दराचं कोटेशन पुढं केलं तर परत करा. अनुदान हवं असेल तर सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, त्यात निवड, मग पूर्वसंमती आणि त्यानंतरच खरेदी. आधी बिल फाडलं की अनुदान गेलं. आमच्या वाडीतल्या दोघांचं असंच गेलंय. कर्ज काढाल तर बँक सातबाऱ्यावर बोजा चढवू शकते. फिटल्यावर तो आपोआप उतरत नाही, दाखला घेऊन तलाठ्याकडं स्वतः जावं लागतं. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपेक्षा वेगळी असते, तीही एमएच ११ ला, म्हणजे साताऱ्याच्या आरटीओत करून घ्या, कराडवाल्यांनी एमएच ५० ला. कारचा परवाना ट्रॅक्टरला चालतो. विमा तृतीय पक्षाचा तरी हवाच, आणि तो शेतीकामाचा असतो. शेजाऱ्याची वीट भाड्यानं वाहून दिली आणि काही झालं तर कंपनी हात वर करते.

घरी आणल्यावर नारळ फोडा, पेढे वाटा, फोटो पाठवा. मग शेडचं बघा. पहिली सर्व्हिस बहुधा पन्नास तासांना असते, ती चुकवू नका. पुढं मात्र तासांचं मीटर आपल्याला फसवतं. आपला ट्रॅक्टर वर्षात शंभर तासही फिरत नाही, म्हणून "अजून तास भरले नाहीत" म्हणत तेल तीन-तीन वर्षं तसंच राहतं. वर्षातून एकदा, पाडव्याला म्हणा, बदलायचंच. पावसाळ्यात उभा असताना दर आठवड्याला पंधरा मिनिटं चालू करायचा, नाहीतर बॅटरी बसते. आणि बॉनेट उघडूनच चालू करायचा. माझ्या वायरिंगमधे एका श्रावणात उंदरांनी बाळंतपण उरकलं होतं. वायरिंगला साडेचार हजार गेले आणि नवऱ्यानं पिल्लं बाहेर काढेपर्यंत वाफसा गेला.